भिंतीपासून गुडघ्यापर्यंत

गेली सव्वीस वर्षं मी ज्या वस्तू तपासून पास करतो, त्यांतली एकही वापरली जाऊ नये अशी माझी इच्छा असते. असं दुसरं काम मला माहीत नाही. हलवाई जलेबी तळतो ती कोणी खावी म्हणून. शिंपी सदरा शिवतो तो कोणी घालावा म्हणून. आम्ही शहराबाहेर रांझीच्या बाजूला, झाडं आणि पहारेकरी यांच्या आड असलेल्या एका शेडमध्ये काही लहानमोठी काडतुसं तपासतो. ती लढाऊ विमानातल्या खुर्चीत बसवली जातात, तिथे ठरलेली वर्षं गप्प पडून राहतात आणि मुदत संपली की काढून नष्ट केली जातात. म्हणजे सगळं सुरळीत झालं तर माझ्या उभ्या नोकरीचा उपयोग शून्य. पाहुण्यांना हे सांगितलं की ते म्हणतात, "अरे वा, सरकारी नोकरीच म्हणायची की!"

शेडमध्ये नेमकं काय चालतं ते बाहेर बोलायचं नाही असा नियम आहे आणि मी तो पाळतो. फाटकाबाहेरचा चहावाला, बसचा कंडक्टर आणि माझे मेहुणे यांना सगळं आधीच माहीत असतं, तो भाग वेगळा. मी इथे लिहितो ते विमानांवरच्या कुठल्याही साध्या पुस्तकात सापडेल, तेवढंच.

ही खुर्ची म्हणजे खुर्चीच्या आकाराची तोफ असते. विमान हातचं गेलं हे वैमानिकाला कळलं की त्याने एक हँडल ओढायचं. त्याचं काम तिथे संपतं. पुढचं सगळं खुर्चीने करायचं, कारण ती बनवणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की धरलेली असते: अशा वेळी माणसाच्या डोक्यावर विसंबायचं नाही. बाकीच्या वेळी विसंबावं का, यावर ते काही बोलत नाहीत.

हँडल ओढलं की आधी खांद्यांवरचे पट्टे माणसाला मागे खेचतात आणि पाठ खुर्चीला चिकटवतात. वाकलेल्या पाठीने वर गेलं तर मणका जागेवर राहत नाही. डोक्यावरचं पारदर्शक झाकण उडून जातं, किंवा त्याला चिकटवलेली स्फोटक दोरी त्याचे तुकडे करते. मग खुर्चीमागच्या नळीतलं काडतूस पेटतं. सगळा जोर एकदम दिला तर माणूस वर जाईल, पण कोणत्या आकारात, ते सांगता येत नाही. म्हणून आधी थोडा, लगेच आणखी, असा जोर चढवत नेतात. तरीसुद्धा त्या क्षणी माणसाचं वजन त्याच्या नेहमीच्या वजनाच्या बारा ते वीसपट होतं. खुर्ची रुळांवरून वर सरकते, पट्टे पाय मागे ओढून धरतात, खुर्चीखालचं रॉकेट पेटतं आणि माणूस विमानाच्या शेपटीला न लागता वरून निघून जातो. मग खुर्ची स्वतःच ठरवते की आपण किती उंचीवर आणि किती वेगात आहोत. जमिनीजवळ असू तर पॅराशूट लगेच. फार वर असू तर आधी श्वास घेता येईल अशा हवेपर्यंत खाली यायचं, मग पॅराशूट. चांगली खुर्ची जमिनीवर उभ्या असलेल्या विमानातूनही माणसाला वाचवते.

जमिनीजवळ हे सगळं दोन-तीन सेकंदांत उरकतं. आमच्या घरात "चला, निघू या" म्हटल्यापासून दाराला कुलूप लागेपर्यंत सरासरी एकोणचाळीस मिनिटं लागतात. सात लग्नांना जाताना मोजून काढलेली ही सरासरी आहे. बायको म्हणते, तुम्ही मोजत उभे राहिला नसता तर अडतीस लागली असती.

एवढी हुशार खुर्ची, पण तिला एक गोष्ट जमत नाही. वर जाताना ती समोरच्या यंत्रांच्या फळीपासून ठरलेल्या अंतरानेच जाते. बसणाऱ्याचे गुडघे त्या अंतराच्या पुढे आले तर खुर्ची बाहेर येते, माणूस बाहेर येतो, आणि गुडघे मात्र फळीला धडकून येतात. म्हणून उड्डाणासाठी माणसं निवडताना त्यांच्या मांडीची लांबी मोजतात. भिंतीला टेकून ताठ बसायचं आणि भिंतीपासून गुडघ्याच्या टोकापर्यंतचं अंतर घ्यायचं. जास्तीत जास्त चौसष्ट सेंटिमीटर. अक्कल, हिंमत आणि देशप्रेम यांना वरची मर्यादा नाही. मांडीला आहे.

माझी मुलगी एकशे अठ्ठ्याहत्तर सेंटिमीटर उंच आहे.

ही उंची माझ्या हलगर्जीपणामुळे झाली असं आमच्या नात्यात मानलं जातं. बायकोचे मोठे भाऊ चेरीतालला राहतात. रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून त्यांनी दर रविवारी पोह्यांच्या वेळेला आमच्याकडे येऊन आम्हाला मार्गदर्शन करण्याचं काम अंगावर घेतलं आहे. त्यांचा पहिला प्रश्न अनेक वर्षं एकच होता. "जिजाजी, पोरगी एवढी उंच काहून होऊ दिली?" जणू वेळेवर लक्ष दिलं असतं तर एकशे साठवर थांबवता आली असती.

मुलगी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती आणि तिला उडायचं होतं. हे तिने दोन वर्षांपूर्वी जेवताना, वरण वाढून घेता घेता सांगितलं होतं. मी "बरं" म्हणालो होतो. हवाई दलाच्या परीक्षेचा फॉर्म निघाला तेव्हा ते "बरं" मला आठवलं. फॉर्ममध्ये शाखांचा पसंतीक्रम द्यायचा होता. पहिलं उड्डाण, की पहिलं जमिनीवरचं तांत्रिक काम? भरायला दहा दिवस होते. मापांची यादी तिने वाचली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"बाबा, मांडीचं तुम्हीच मोजा. चौसष्टच्या वर असली तर मी पहिलं जमिनीवरचंच लिहिते. तिथपर्यंत जाऊन गुडघ्यावरून परत यायला नको."

"दवाखान्यात मोजून घे."

"दवाखान्यातला माणूस टेप कशी धरतो माहीत आहे मला. मिलिमीटरचा प्रश्न आहे. तुम्ही मोजा."

हा विश्वास ऐकून मला जो आनंद व्हायला हवा होता तो झाला नाही, याची नोंद मी त्या वेळी घेतली नाही.

कारखान्यातली सुईसुद्धा घरी आणता येत नाही. मी अधारतालच्या दुकानातून एक मीटरची स्टीलची पट्टी आणली, आणि सुताराचा गुण्या आणला, म्हणजे काटकोन तपासायचा तो. बैठकीच्या तिन्ही मोकळ्या भिंतींना ओळंबा लावून पाहिला. दोन भिंती नापास झाल्या. तिसरी, टीव्हीच्या बाजूची, बरी निघाली. तिच्याजवळ लाकडी स्टूल ठेवलं आणि ते हलू नये म्हणून पायाखाली पुठ्ठा सरकवला. हे सगळं शनिवारी झालं. रविवारी सकाळी मेहुणे पोहे खाऊन तयार होते.

मुलगी भिंतीला टेकून ताठ बसली. बायकोने गुडघ्याला गुण्या लावून धरला. मी जमिनीवर आडवा होऊन पट्टी वाचत होतो.

"जिजाजी, हे लग्नाचं माप नाही ना?" मेहुणे म्हणाले. "आमच्या वेळी मुलीची उंची विचारत होते. आता मांडी विचारून राहिले का?"

"दादा, जरा गप्प बस," बायको म्हणाली. "हात हलते माझा."

पहिलं माप त्रेसष्ट पूर्णांक आठ. तिला उठवलं, चार पावलं चालवलं, परत बसवलं. दुसरं माप त्रेसष्ट पूर्णांक नऊ. परत उठवलं.

"अच्छा, म्हणजे प्रत्येक वेळी एक मिलिमीटर वाढून राहिली," मेहुणे म्हणाले. "लवकर आटपा, नाही तर जेवणापर्यंत पासष्ट होईल."

मुलगी हसली. खांदे हलले. मी पट्टी वाचली: चौसष्ट पूर्णांक एक.

आमच्या शेडमध्ये एक पद्धत आहे. माप तीनदा घ्यायचं, आणि तीन मापांतलं सगळ्यात वाईट तेच खरं धरायचं. सरासरी काढायची नाही. काडतूस मापात दोनदा बरोबर बसलं आणि एकदा चुकलं, तर ते चुकलेलंच असतं. शंका आली की नापास. नापास काडतुसाने आजपर्यंत कोणाचा जीव घेतलेला नाही. ही पद्धत चांगली आहे, मी नव्या लोकांना ती स्वतः शिकवतो, आणि त्या रविवारी मी ती माझ्या मुलीला लावली.

"चौसष्ट पूर्णांक एक," मी उठून गुडघे झटकत सांगितलं. "एक मिलिमीटर जास्त. बसत नाही."

मेहुणे म्हणाले, "चलो, बरं झालं. पोरीच्या जातीला जमिनीवरचं काम बरं." बायकोने गुण्या माझ्या हातात दिला आणि स्वयंपाकघरात गेली. मुलगी स्टुलावरून उठली, स्टूल जागेवर ठेवलं, पुठ्ठा उचलला, आणि "ठीक आहे" म्हणाली. "ठीक आहे" हे आमच्या घरातलं सगळ्यात महागडं वाक्य आहे, पण त्या दिवशी मला ते स्वस्तात मिळाल्यासारखं वाटलं. दुपारी मला छान झोप लागली.

चार दिवस ती व्यवस्थित वागली. कॉलेजला गेली, आली, जेवली. फॉर्म उघडून बसायची आणि बंद करायची. पाचव्या दिवशी संध्याकाळी मी कामावरून येऊन मोटारसायकल लावत होतो, तेव्हा ती दारात उभी होती. हातात माझी डायरी.

मी सगळं लिहून ठेवतो. गॅसची टाकी किती दिवस चालली, पंपाला पाणी यायला किती मिनिटं लागली, सगळं. त्या रविवारची तीन मापंही होती, वेळेसकट. शेवटचा रकाना शेऱ्याचा.

"बाबा, ही तीन मापं आहेत ना?"

"हो."

"दोन चौसष्टच्या खाली आहेत."

"तीनांतलं वाईट ते धरायचं असते. नियम आहे तो."

"कोणाचा?"

"आमचा. शेडचा."

"बरं. आणि हा शेरा काय आहे? तिसऱ्यासमोर लिहिलं आहे, 'हसली'."

मी हेल्मेट काढलं. ते काढायला मला जरा जास्तच वेळ लागला.

"तुमच्या शेडमध्ये माप घेताना काडतूस हललं तर काय करता?"

"ते माप रद्द करतो. परत घेतो."

"मग मी हलली तर?"

सव्वीस वर्षांत मी हललेल्या वस्तूचं एकही माप धरलेलं नाही. एकदा पंख्याच्या वाऱ्याने काटा थरथरला म्हणून सबंध सकाळची मापं फाडून टाकली होती, आणि साहेबांची बोलणी खाल्ली होती. हा नियम मला झोपेतही येतो. तरी त्या रविवारी मी स्वतःच्या अक्षरात 'हसली' असं लिहिलं, त्याच्याच शेजारच्या आकड्यावर तिला नापास केलं, आणि दुपारी झोपलो.

"तुम्हाला चौसष्टच्या वर पाहिजे होतं," ती म्हणाली. ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

"मला माहीत आहे ती खुर्ची काय करते," मी म्हणालो. "जीव वाचवते, बाकीचं पाहत नाही. पाठ दाबली जाते. किती जणांचा मणका दुखावतो. लोकांना वाटते, बटण दाबलं आणि सिनेमासारखं वर गेलं."

"तरी तुम्ही पास लिहिता ना?"

"काय?"

"काडतुसांना. दुसऱ्यांची मुलं त्या खुर्चीत बसतात तेव्हा तुम्ही पास लिहून सही करता. मी बसायची वेळ आली तर तुम्हाला ती खुर्ची चालत नाही? बाबा, एक काही तरी खरं असेल ना. खुर्ची चांगली असेल, तर मला मोजा नीट. चांगली नसेल, तर सह्या काहून करून राहिले इतकी वर्षं?"

आमच्या खात्यात दर वर्षी बाहेरून तपासणीचं पथक येतं. दोन दिवस राहतं, जेवण चांगलं लागतं, आणि शेवटी दोन पानांचा अहवाल देतं की नोंदवह्या नीटनेटक्या आहेत. त्या पथकाने हा प्रश्न मला कधी विचारला नाही.

तिच्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत होतं. खुर्ची चांगली आहे. माझ्या सहीइतकी तरी मला त्याची खात्री आहे. मला भीती वाटत होती ती खुर्ची लागेल अशा दिवसाची, आणि तो दिवस कुठल्याच पट्टीने मोजता येत नाही. जे मोजता येत नव्हतं त्याचा राग मी जे मोजता येत होतं त्याच्यावर काढला. एक मिलिमीटर मिळाला, तो घट्ट धरून बसलो. शेडमध्ये एखाद्या नव्या माणसाने असं केलं असतं तर मी त्याला पहिल्याच आठवड्यात दुसऱ्या कामावर पाठवलं असतं.

"स्टूल आण," मी म्हणालो.

या वेळी मेहुणे नव्हते, म्हणजे मोजमापाला लागणारी शांतता होती. बायकोने गुण्या धरला. मी आडवा झालो. कोणी हसलं नाही. त्रेसष्ट पूर्णांक आठ. उठवून परत, त्रेसष्ट पूर्णांक आठ. तिसऱ्यांदा त्रेसष्ट पूर्णांक नऊ. वाईटातलं वाईट धरलं तरी एक मिलिमीटर शिल्लक. मी चौथ्यांदा घेऊ का, असं विचारलं. दोघींनी एकदम माझ्याकडे पाहिलं, तेव्हा पट्टी गुंडाळता येत नसूनही मी गुंडाळायला लागलो.

तिने त्याच संध्याकाळी फॉर्म भरला. पहिली पसंती, उड्डाण.

रविवारी मेहुण्यांना सांगितलं. त्यांनी दोन घास खाल्ले, विचार केला आणि म्हणाले, "मी तर पहिल्या दिवशीच म्हटलं होतं, पोरगी हसून राहिली म्हणून माप चुकलं." त्यांनी असं काही म्हटलं नव्हतं. पण तिला हसवलं त्यांनीच होतं, त्यामुळे श्रेयावरचा त्यांचा हक्क मी नाकारला नाही.

पुढे लेखी परीक्षा झाली, निवड मंडळाच्या पाच दिवसांच्या चाचण्या झाल्या, आणि मग वैद्यकीय तपासणी. तिथे डोळे, कान, हृदय, पाठ असं सगळं पाहतात, पण आमच्या घरात प्रश्न एकच उरला होता. ती तिकडे होती त्या दिवशी मी जेवणाच्या सुट्टीत तीनदा फाटकाबाहेर गेलो, कारण आत मोबाईल नेता येत नाही. चहावाल्याने विचारलं, "क्या बात है साहब, आज चाय बहुत हो रही है?" तिसऱ्या चहाला फोन लागला.

"बाबा, झालं मोजून."

"किती?"

"त्रेसष्ट पूर्णांक सात."

"सात? कशाने मोजलं? पट्टी की सरकता मापक?"

"त्यांचं एक बाक असते, त्याला मागे पाटी आणि पुढे सरकती पाटी."

"किती वेळा?"

"एकदाच."

"एकदाच?"

"बाबा, मागे तीस जणी रांगेत होत्या."

देशाच्या संरक्षणाविषयी मला त्या क्षणी काही गंभीर शंका आल्या. पण आकडा मर्यादेच्या आत होता आणि मोजणाऱ्याला मुलगी गमावण्याची भीती नव्हती, म्हणजे हे माप माझ्या मापापेक्षा जास्त भरवशाचं होतं. मी "बरं" म्हणालो. या वेळी ते "बरं" म्हणजे काय, हे मला माहीत होतं.

संध्याकाळी घरी बायकोला सांगितलं. तिला तो आकडा मुलीकडून आधीच कळला होता. ती मेथी निवडत होती.

"अहो, एक विचारू? ती खुर्ची चालते ना?"

सव्वीस वर्षांत तिने माझ्या कामाविषयी विचारलेला हा पहिला प्रश्न. त्याआधी पगार, पाळी, आणि निवृत्तीनंतर क्वार्टर किती महिन्यांत सोडावं लागतं, एवढंच विचारलं होतं. नातेवाईकही तेवढंच विचारतात.

"चालते," मी म्हणालो.

"सगळ्यावर सही तुमचीच असते का?"

"नाही. माझी एका भागावर. रॉकेटवर दुसऱ्यांची, पट्ट्यांवर दुसऱ्यांची, पॅराशूट तर दुसऱ्याच गावात बनते."

"ते लोक तुमच्यासारखे आहेत का?"

"म्हणजे कसे?"

"म्हणजे पंख्याच्या वाऱ्याने मापं फाडणारे."

मी सांगितलं की दुसऱ्या गावांचं मला माहीत नाही, आमच्या शेडचं सांगू शकतो. तिथे तपासणीवर माझ्यासकट अकरा माणसं आहेत.

"त्यांना पोरं आहेत?"

"असतील. विचारून सांगतो."

आणि दुसऱ्या दिवशी मी खरंच विचारत फिरलो. लोकांना वाटलं, खात्याने कसली नवी माहिती मागवली आहे. दोघांनी जन्मतारखांसकट लिहून दिलं, एकाने शाळेच्या फीची सवलत मिळणार का विचारलं. मी बेरीज करून घरी आणली: अकरा माणसं, नऊ मुलगे, आठ मुली, आणि एकाच्या घरी पुढच्या महिन्यात अपेक्षित.

बायकोने आकडा ऐकला, मनाशी काही तरी मांडलं आणि म्हणाली, "मग ठीक आहे."

असा पुरावा आमच्या कुठल्याही तपासणीत कोणी मान्य करणार नाही. तिने केला.